येळवशीच्या दिवशी कंप्रेसर कुणी तपासला?

वाचकाचं पत्र (थोडं कापून): "मी लातूरच्या एमआयडीसीत एका तेल मिलमध्ये ऑफिसचं काम बघते. एरवी सत्तरेक माणसं, सोयाबीनच्या हंगामात हमाल धरून शंभराच्या वर. लायसन्स, तपासण्या, रजिस्टरं हे सगळं बावीस वर्षं आमचे एक काका सांभाळायचे. ते एप्रिलमध्ये रिटायर झाले. जाताना मला कपाटाच्या चाव्या दिल्या आणि एक डायरी. डायरीत 'जा-जु ब', 'मे कोरडं', 'दि चुना १४', 'चिमणी – भाऊ' असलं काहीबाही लिहिलंय, मला एक अक्षर उमगत नाही. चौदा रजिस्टरं आहेत, एप्रिलपासून सगळी कोरी. आता दिवाळी झाली. पुढच्या महिन्यात अधिकारी येणार असं कळलंय. मॅनेजर म्हणतात, दोन दिवस बस आणि भरून टाक, सगळीकडे असंच चालतं. भरू का? आणि पुढं हे सगळं एकटीच्या डोक्यात ठेवायचं तरी कसं?"

ताई, भरू नका. एकही पान भरू नका. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण मॅनेजरसमोर नुसतं 'नको' म्हणून भागणार नाही, म्हणून माझीच एक फजिती सांगतो.

पंचविशीत मी एका कारखान्यात मेंटेनन्सला नवा सुपरवायझर होतो. कंप्रेसरचं रोजचं पत्रक माझ्याकडं होतं. तेलाची पातळी, प्रेशर, हवेच्या टाकीतलं पाणी काढलं का, बेल्ट कसा आहे, आणि शेवटी सही. रोजचं दहा मिनिटांचं काम. मी ते महिनाअखेरीला एकदम उरकायचो, शेजारी चहाचा कप ठेवून. एकदा तपासणीला साहेब आले. पानं उलटता उलटता थांबले आणि एका तारखेवर बोट ठेवलं.

"या दिवशी ड्यूटीवर होता तुम्ही?"

"होय साहेब."

"दुपारी तीनला प्रेशर सात होतं?"

"होय साहेब."

"येळवस होती की हो त्या दिवशी."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडं गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कारखाना बंद होता आणि दुपारी तीनला मी कडब्याच्या कोपीसमोर मांडी घालून भज्जी-आंबील हाणत होतो. साहेबही याच भागातले निघाले, त्यांना पंचांग बघायची गरज पडली नाही. मग त्यांनी ते पान खिडकीच्या उजेडाकडं तिरपं धरलं. एकतीस सह्या एका बैठकीत केल्या की लपत नाहीत. पेन एकच, अक्षराचा कल एकच, आणि विसाव्या सहीनंतर हात आळसावतो, आडनावाचा शेपटा निघतो. माझा निघाला होता.

खरं नुकसान त्याच्या पुढं झालं. त्यांनी बॉयलरचं रजिस्टर मागवलं. ते माझ्या सिनियरनं इमानानं रोजच्या रोज लिहिलेलं होतं, तेलकट बोटांच्या ठशांसकट. साहेब ते चाळत राहिले आणि म्हणाले, "आता यातलं खरं कुठलं समजू?" सिनियर माझ्याकडं बघत उभे होते. मेमोपेक्षा ते बघणं जास्त लागलं.

तेव्हा मॅनेजरना असं सांगा: "साहेब, कोरं पान म्हणजे काम राहिलं. खोटं पान म्हणजे आपण फसवलं, आणि त्याखाली सही माझी असणार." खोटी नोंद हा कायद्यानं वेगळा गुन्हा आहे. राहून गेलेल्या तपासणीचं स्पष्टीकरण देता येतं, बनावट तारखेचं देता येत नाही. ते चिडतील. चिडू द्या. दोन दिवस तुमचे आहेतच, ते दुसऱ्या कामाला लावू.

कोऱ्या जागेचं करायचं काय? शेवटच्या खऱ्या नोंदीखाली एक तिरकी रेघ मारा आणि आजची तारीख घालून लिहा: 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या तपासणीची नोंद उपलब्ध नाही. आज प्रत्यक्ष पाहणी केली, स्थिती खालीलप्रमाणे.' त्याखाली तुमची सही, आणि मॅनेजरची पण घ्या. सगळी कोरी जागा रिकामीच राहील असंही नाही. बिलं काढा. आग विझवायचे सिलिंडर ऑगस्टमध्ये रिफिल केल्याचं बिल असेल, चेन पुली तपासायला आलेल्या माणसाची गेटवरच्या वहीत नोंद असेल, डॉक्टरांची पावती असेल. 'रिफिल केल्याचे बिल फाइलला लावले आहे, त्यावरून आज नोंद घेतली' असं आजच्या तारखेनं लिहायला कसलीच हरकत नाही. घडलेल्या कामाचा पुरावा जोडून लिहिलं तर ती नोंदच झाली. आठवून आठवून लिहिलं तर ती गोष्ट झाली.

आता दुसरा प्रश्न. कपाट उघडून फाइली चाळत बसू नका. आधी मिल फिरा. एक फिटर, एक इलेक्ट्रिशियन आणि दोनशे पानी वही घ्या आणि गेटपासून सुरुवात करा. जे जे तपासावं लागतं त्या प्रत्येक वस्तूसमोर उभं राहून तीनच प्रश्न: हिला नंबर आहे का, हिला शेवटचं कुणी बघितलं, त्याचा कागद कुठं आहे.

गेटवरच भुईकाटा लागेल. त्याची वैधमापनशास्त्र खात्याकडून वर्षाला पडताळणी होते, मोहोर कधीची आहे बघा. शेतकऱ्याचा माल ज्या काट्यावर चढतो त्याची मोहोर संपलेली असणं मला तरी बाकी कशापेक्षाही वाईट वाटतं. मग मालाची लिफ्ट, चेन पुली, पट्टे आणि वायर रोप, हवेची टाकी, बॉयलर, जनरेटर, पॅनल, पाण्याची टाकी, प्रथमोपचार पेटी, कॅन्टीन, संडास. संडासाच्या दारामागे तासातासाला टिक मारायचा कागद असेल, तो महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत आधीच भरलेला असायची दाट शक्यता आहे. हसू नका, मी दोन ठिकाणी बघितलाय.

ही फेरी झाल्यावर कपाट उघडा आणि वही फाइलींना लावून बघा. दोन प्रकारची भुतं सापडतील. एक, कागद आहे पण वस्तू नाही: भंगारात गेलेल्या पुलीचं सर्टिफिकेट दर वर्षी इमानदारीनं रिन्यू होतंय. दुसरं जास्त वाईट: वस्तू आहे, कागद नाही. मागच्या हंगामात घाईत आणलेला बेल्ट स्लिंग (वजन उचलायचा पट्टा), कुणी नोंदवलाच नाही, आणि दीड टनाचा मोटर-गिअरबॉक्स त्याच्यावरच उचलला जातोय. म्हणून प्रत्येक वस्तूवर रंगानं नंबर टाका, 'चे.पु. ३' (चेन पुली), 'फा.ए. ७' (फायर एक्स्टिंग्विशर, आग विझवायचा सिलिंडर) असा. सर्टिफिकेटवर तोच नंबर आला पाहिजे. नंबर नसलेल्या पुलीचं सर्टिफिकेट नेमकं कुठल्या पुलीचं, हे सही करणारासुद्धा शपथेवर सांगू शकणार नाही.

मग मोठा तक्ता करा. एक्सेलमध्ये करा, नाहीतर लांब वहीत, माझा आग्रह नाही. रकाने मात्र एवढे हवेत: काय, कुठं व कितव्या नंबरचं, किती दिवसांनी, कशाच्या आधारे, कुणी करायचं, तो रजेवर असेल तर कुणी, शेवटचं कधी झालं, पुढचं कधी, कागद कुठल्या फाइलीत. 'कुणी' या रकान्यात माणसाचं नाव लिहू नका, हुद्दा लिहा: 'पहिल्या पाळीचा फिटर'. काकांचं नाव ज्या ज्या रकान्यात होतं तो प्रत्येक रकाना एप्रिलमध्ये एका दिवसात रिकामा झाला, हे तुम्ही भोगताच आहात.

'कशाच्या आधारे' हा रकाना लोक गाळतात, आणि सध्या तोच सगळ्यात कामाचा आहे. आपण ज्या मुदती पाठ केल्यात त्यातल्या बऱ्याच १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या आणि त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांतल्या. मालाची लिफ्ट सहा महिन्यांनी, चेन-रोप-पुली वर्षातून एकदा, हवेची टाकी बाहेरून सहा महिन्यांनी, हे सगळं 'सक्षम व्यक्ती'कडून, म्हणजे त्यासाठी मान्यता असलेल्या माणसाकडून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि त्या अधिनियमाची जागा संहितेनं घेतली. त्यामुळं कलमांचे आकडे बदलणार, नमुन्यांची नावं बदलणार. आधार लिहिलेला असला की काय बदललं ते एका दुपारी तपासून होतं. नसला की कुणीतरी 'आता ते लागत नाही म्हणे' असं म्हणतो आणि तपासणीच बंद पडते. कागद कुठल्याही कायद्यातला असो, झिजलेली साखळी तुटायची ती तुटतेच.

मुदती लावताना आपल्याकडचा हंगाम बघा. बॉयलरचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचं असतं, आणि तपासणीआधी तो थंड करून, उघडून, साफ करून द्यावा लागतो. सोयाबीनच्या ट्रका गेटबाहेर लागलेल्या असताना बॉयलर थंड करा म्हटलं तर मालक तुम्हाला थंड करतील. ती तारीख ऑगस्टच्या आसपास बसवून घ्या, हळूहळू पुढेमागे करत. आणि तक्त्यात फक्त शेवटची तारीख लिहू नका, 'हालचाल सुरू' अशीही एक तारीख लिहा, मुदतीच्या दीड महिना आधीची. सक्षम व्यक्ती तुमच्या सोयीनं मोकळी नसते, आणि लातूरला यायचं तर तिला अजून तीन ठिकाणची कामं जोडून हवी असतात.

कागदी मुदतींचं थोडक्यात सांगतो. पीएफ आणि ईएसआयचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. खाद्यतेल असल्यामुळं एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, वार्षिक विवरणपत्र ३१ मे. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरणपत्र ३० जून. वापरलेलं तेल, रंगाचे डबे असलं काही साठत असेल तर ते ९० दिवसांच्या वर ठेवायचं नाही. पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबर. हे पोर्टलवर जातं, आणि इथं एक खड्डा आहे. आत्ताच्या आत्ता बघा, पोर्टलवरचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो. माझी पैज आहे, काकांच्या. काका नातवंडांना घेऊन तुळजापूरला गेले आणि तुमचा ३० जून उलटला तर दोष कुणाचा? सगळीकडे कंपनीचा नंबर आणि कंपनीचा मेल लावून घ्या. काकांना फोन करून एकेक ओटीपी विचारत हे एका दुपारी होतं.

आता खरा जीव ज्यात आहे ते: नोंद लिहायची कशी. तुमच्या चौदा रजिस्टरांतलं जुनं कुठलंही पान काढा. 'ठीक', 'ठीक', 'ठीक', 'ओके', 'ठीक'. बावीस वर्षं मिलमध्ये काहीच बिघडलं नाही! असं रजिस्टर वाचणारा माणूस पहिल्याच पानावर शंका घेतो, आणि त्यानं घ्यावीच. बघा, मला कशी नोंद हवी आहे:

'फा.ए. ७, बॉयलरच्या दाराजवळ. काटा हिरव्यात. पिन आहे, सील तुटलेलं. होजला तडा. समोर बारदान्याची थप्पी, हात पोचत नाही. थप्पी लगेच हलवली. होज स्टोअरला मागितला.'

आणि चार दिवसांनी खाली, दुसऱ्या शाईत: 'नवा होज बसवला, सील लावलं, पुन्हा पाहिलं.' सही.

यात आकडा आहे किंवा डोळ्यांना दिसलेली गोष्ट आहे, काय केलं ते आहे, आणि सापडलेला दोष पुढं दुरुस्त होऊन नोंद बंद झालेली आहे. 'ठीक'च्या जागी जे मोजता येतं ते मोजून लिहा. हवेच्या टाकीचं प्रेशर किती, पाण्याच्या टाकीत किती फूट. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटाच नसतो, ते काट्यावर ठेवून वजन करावं लागतं. मूळ गॅसमधला दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला तर परत भरायचं. ज्या रजिस्टरात कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरपुढं 'प्रेशर ओके' लिहिलंय, ते लिहिणारा सिलिंडरपर्यंत गेलाच नव्हता, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल.

'बघता आलं नाही' असंही लिहायला लोकांना शिकवा. 'चावी नव्हती, पॅनल उघडता आलं नाही.' ही उत्तम नोंद आहे. मॅनेजर म्हणतील, रजिस्टरात दोष लिहिले तर साहेबांच्या हातात आयतं कोलीत. त्यांचं अगदीच चुकत नाही. दोष लिहिला आणि सहा महिने तसाच सोडला तर ते कोलीतच आहे, कारण तुम्हाला माहीत होतं हे तुम्हीच लिहून ठेवलंत. म्हणून दर सोमवारी सकाळी अर्धा तास मॅनेजरसमोर फक्त उघड्या नोंदी वाचायच्या. पैसे लागणार असतील तर 'मंजुरीसाठी दिले, तारीख अमुक' एवढं त्यांच्यासमोर लिहा आणि सही घ्या. तिसऱ्या सोमवारी होज आपोआप येतो. हे मी करून बघितलंय.

लिहिणार कोण? तुम्ही नाही. बॉयलरचं बॉयलर अटेंडंटनं, कंप्रेसरचं फिटरनं, पेटीचं ज्याच्याकडं पेटीची जबाबदारी आहे त्यानं. वही त्या त्या जागी खिळ्याला टांगलेली, पेन सुतळीनं बांधलेलं. ऑफिसच्या कपाटातली वही ऑफिसातच भरली जाते. अक्षर वाकडं असेल, 'तेल' ऐवजी 'त्याल' लिहिलेलं असेल, राहू द्या. सुधारून घेऊ नका, फेअर तर अजिबात करू नका. तुम्ही आठवड्यातून एकदा फिरून दोन नोंदी खऱ्या आहेत का ते स्वतः जाऊन बघायचं आणि शेजारी तुमची सही करायची.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकून भागतं का, असं आजकाल सगळे विचारतात. फोटो चांगला, नंबर दिसेल असा काढला तर फारच चांगला. पण तो वहीची जागा घेत नाही. ग्रुपमध्ये गणपतीच्या शुभेच्छांखाली पुरलेला जुलैमधला फोटो डिसेंबरमध्ये कुणी शोधून देणार आहे का? महिन्याचे फोटो एका फोल्डरला उतरवा, वहीत 'फोटो आहे' लिहा, बस.

आणि चौदा रजिस्टरं कशाला हवीत? बसून बघा, त्यातली चार-पाच एकमेकांची नक्कल असतील. कायद्यानं लागणारी ठेवा, मशीनला लागणारी ठेवा, बाकीची मॅनेजरच्या सहीनं बंद करा. कुठल्यातरी ऑडिटरनं कधीतरी सांगितलं म्हणून सुरू झालेलं रजिस्टर माणसांना खोटं लिहायची सवय लावतं, आणि ती सवय मग बॉयलरच्या वहीपर्यंत पोचते. कमी ठेवा, खरी ठेवा.

दोन गोष्टींपाशी मात्र मी तुम्हाला थांबवणार आहे. एक, मागचं दार. हंगामात बारदाना आला की तो ठेवायला सगळ्यांना तीच जागा सापडते. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत एका हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. सहा कामगार गेले, आत झोपलेले होते. तुमच्या मिलमध्ये रात्री आत कोण झोपतं, हे विचारा. हंगामात हमाल झोपतच असतील. ते कुठल्या दारानं बाहेर येणार, ते दार रात्री कुलपात असतं का, किल्ली कुणाकडं, हे रोजच्या पत्रकात पहिलं लिहा. 'मागचं दार आतून उघडून बघितलं' असं वाक्य हवं, टिक नको. हात लावून उघडायचं.

दुसरं, आगीसाठी राखलेली पाण्याची टाकी. लातूरकरांना पाण्याचं मी काय सांगू? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा शहरात कोण कुठलं पाणी कशाला वापरत होतं ते सगळ्यांनी बघितलंय. टँकर चुकला की कॅन्टीनवाला आगीच्या टाकीला पाइप लावतो. त्यात त्याची वाईट बुद्धी नसते, तहानलेल्या माणसांना पाणी पाजायचं असतं. पण मार्च ते जून त्या टाकीची पातळी रोज फुटांत लिहा, आणि अमुक फुटांच्या खाली गेली तर कुणाला फोन करायचा तो नंबर टाकीवरच रंगवा. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, आपण बॅनर लावतो, शपथ घेतो, फोटो काढतो. त्या दिवशी कुणीतरी शिडी चढून टाकीत वाकून बघितलं तरी खूप झालं.

प्रथमोपचार पेटी पण उघडून बघाच. नियमानं १५० माणसांमागं एक तरी. तुमची बहुतेक ऑफिसात आहे, कुलपात आहे, आणि आत घट्ट झालेलं बर्नॉल, कुणाचा तरी चष्मा आणि एक सुटी सेफ्टी पिन आहे. आतल्या वस्तूंची यादी झाकणाला चिकटवा, मुदतीच्या तारखांसकट.

अधिकारी येतील त्या दिवसाचं फार घेऊ नका मनाला. वही पुढं ठेवा, तिरकी रेघ स्वतःहून दाखवा, तक्ता दाखवा. ते शेरा लिहितील. शेऱ्यातल्या प्रत्येक ओळीला तुमच्या तक्त्यात एक ओळ करा, तारीख टाका, पूर्ततेचं पत्र मुदतीत पाठवा आणि पोच फाइलला लावा. तोंडी 'करून घेतो साहेब'वर कुणाचीच सुटका झालेली मी बघितली नाही.

राहिली काकांची डायरी. ती चावी आहे, टाकून देऊ नका. 'जा-जु ब' मला वाचता येतं: जानेवारी-जुलै, नमुना ब. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली आगीची यंत्रणा चालू असल्याचं नमुना ब मधलं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. काका एप्रिलमध्ये गेले म्हणजे जुलैचं राहिलं असणार. अधिकारी यायच्या आधी एजन्सीला फोन करा, जानेवारीची वाट बघू नका. 'मे कोरडं' म्हणजे अर्थिंग. जमिनीचा रोध कोरड्या दिवसांत मोजायचा, पावसात ओल्या जमिनीत आकडा उगाच छान येतो. काकांना आपल्याकडची मेमधली भेगाळलेली जमीन बरोबर कळली होती. आता एकदा मोजून ठेवा आणि मेमध्ये परत मोजा.

'दि चुना १४' वर तर मी खूश झालो. चुना मारलेल्या भिंतींना चौदा महिन्यांच्या आत परत चुना मारायचा आणि तारीख रजिस्टरात लिहायची, हे १९४८ च्या अधिनियमातलं. काकांनी ते दिवाळीला बांधून टाकलं. अधिक महिना आला तरी दिवाळी ते दिवाळी तेरा महिन्यांच्या पुढं जात नाही, म्हणजे मुदत कधी चुकतच नाही. या दिवाळीत रंगारी आला होता का? आला असेल तर बिल शोधा, तारीख लिहा.

'चिमणी – भाऊ' मात्र माझ्या बुद्धीपलीकडं आहे. चिमणी म्हणजे बॉयलरच्या धुराची तपासणी, एवढं धरून चाला. पण भाऊ कोण? सँपल घ्यायला येणाऱ्या लॅबचा माणूस, शिडी लावून देणारा फॅब्रिकेटर, का काकांचा सख्खा भाऊ, ते मला इथं बसून कसं कळणार. येत्या रविवारी पाव किलो पेढे घ्या, डायरी घ्या आणि काकांच्या घरी जा. 'कुठलं लायसन्स कधी' असं विचारू नका. 'काका, जानेवारीत तुम्ही काय काय करायचा?' असं विचारा, मग फेब्रुवारी, मग मार्च. बारा महिने होईपर्यंत उठू नका, आणि भाऊचा फोन नंबर घेतल्याशिवाय तर नकोच.